करंगळीचे पाच टक्के

उजवा हात कोपराच्या वर तुटला तर ७० टक्के, डावा तुटला तर ६०. एक डोळा गेला तर ३०. अंगठ्याचे २५, तर्जनीचे १०, आणि उरलेलं कुठलंही बोट गेलं तर ५. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला जोडलेलं हे कोष्टक. टक्के कशाचे, तर माणसाची कमावण्याची ताकद किती गेली त्याचे. गिरणगावातल्या माझ्या वडिलांच्या पिढीला ते पाढ्यांसारखं पाठ होतं. लालबाग-परळच्या चाळीत संध्याकाळी व्हरांड्यात पानाची चंची उघडली की कोणाचं कुठलं बोट कुठल्या साच्यात गेलं आणि त्याचे किती मिळाले, हा विषय दिवाळीच्या बोनसइतकाच नेहमीचा असायचा. डावखुऱ्या माणसाचा डावा हात गेला तर त्याने दहा टक्क्यांचा तोटा का सोसायचा, असा प्रश्न आम्हा पोरांना पडे. त्याचं उत्तर मोठ्यांकडे नव्हतं.

त्या पाच टक्क्यांचे रुपये किती व्हायचे? कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला, तेव्हा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळायची. महिना ३० रुपये मिळवणाऱ्याचा हिशेब १,२६० रुपयांचा. त्याचे पाच टक्के म्हणजे ६३ रुपये. करंगळी देऊन दोन महिन्यांचा पगार. आणि जखमेने आलेलं अपंगत्व दहा दिवसांहून जास्त टिकलं नाही, तर काहीच नाही.

आज हसू येईल असा हा आकडा. पण त्याच्या आधी काय होतं ते पाहिलं की हसू आवरावं लागतं. गिरणीत हात गेला तर मालकावर दिवाणी दावा लावायची वाट तेव्हाही होती. पण मालकाचा निष्काळजीपणा कामगारानेच सिद्ध करायचा. मालकाची बाजू मांडणारा वकील विलायती कायद्यातली एक पळवाट पुढे करू शके : शेजारच्या कामगाराच्या चुकीने तुला लागलं, तर मालक जबाबदार नाही, कारण दोघंही एकाच मालकाचे नोकर. साचा कोणी चालू केला? शेजारच्याने. मग जा, त्याच्यावर लाव दावा! त्याची खोली आमच्याच चाळीत आणि त्याच्याकडे आमच्याइतकेच पैसे. ही पळवाट बुजवायला १९३८ साली मालकांच्या जबाबदारीचा वेगळा कायदा करावा लागला.

१९२३ च्या कायद्याने चूक कोणाची हा प्रश्नच बाजूला सारला. कामामुळे आणि कामाच्या ओघात अपघात झाला, एवढं पुरे. दोष मालकाचा होता का, हे दाखवायची गरज उरली नाही. अपवाद होते. दारू पिऊन असलास, मुद्दाम हुकूम मोडलास, किंवा यंत्रावरचं संरक्षक झाकण जाणूनबुजून काढलंस, तर भरपाई नाही. पुढच्या दुरुस्तीने मात्र ठरलं : त्या अपघातात जीवच गेला, तर हे अपवादही मालकाच्या कामाचे नाहीत. मला हे वाक्य फार आवडतं. कायदा लिहिणाऱ्याला कुठेतरी विधवेचा चेहरा दिसला असणार.

अशा भरपाईची मागणी मात्र गिरणगावाने कधीच करून ठेवली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे दिला. त्या अर्जातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना माहीत आहे, ती १८९० मध्ये मिळालीही. त्याच अर्जातलं शेवटचं मागणं फारसं कोणी सांगत नाही : कामावर जबर दुखापत झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय करावी. सुट्टीला सहा वर्षं लागली, या मागणीला जवळजवळ चाळीस. तोवर ना. म. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने बोलायला जाऊन बसले होते. डिलाईल रोडला त्यांचं नाव आहे. त्या रस्त्यावरून भोंग्याच्या वेळेला जाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक होतं, कोण जाणे.

आता चाळीची गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावर एक विणकर अण्णा राहायचे. मागावरचा धोटा उडून त्यांचा एक डोळा गेलेला. हे स्वातंत्र्याच्या आधीचं. भरपाई मागितली का, असं कोणी विचारलं की अण्णा म्हणायचे, "मुकादम घरी आला होता. म्हणाला, कागदावर अंगठा दे, पुढल्या पगारापासून परत घेतो." अण्णांनी अंगठा दिला. त्यांना कामावर परत घेतलं, पण मागावर नाही, झाडलोटीला. आणि अण्णा मरेपर्यंत त्या मुकादमाचा उपकार सांगत राहिले.

तो कागद कायद्याने कवडीमोल होता. १९२३ च्या कायद्याचं सतरावं कलम सांगत होतं की भरपाईचा हक्क सोडून देणारा कुठलाही करार रद्दबातल. मालकाशी आपसात रक्कम ठरवली तरी तो करार नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागे, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकत. अण्णांना हे कोणी सांगितलं नाही. त्या काळच्या माणुसकीबद्दल आपण भरभरून बोलतो : शेजारी धावायचे, खानावळवाली बाई पैसे मागायची नाही, गाववाल्यांच्या खोलीतले वीस जण वर्गणी काढायचे. ते सगळं खरं होतं. पण वर्गणी काढणाऱ्या वीस जणांमध्ये सतरावं कलम माहीत असलेला एकही नसे, हेही तितकंच खरं. उपकार मोजायची सवय असलेल्या माणसाला हक्क मोजायला शिकवणं कठीण असतं.

मी वयात आलो तोवर चित्र बदललं होतं. मुंबईत १९५४ पासून राज्य कामगार विमा योजना (ई.एस.आय.) लागू झाली आणि गिरणीतला जखमी माणूस मालकाच्या दारात न जाता ई.एस.आय.च्या रांगेत उभा राहू लागला. नाक्यावर पॅनलचा डॉक्टर, परळला ई.एस.आय.चं हॉस्पिटल, टक्के ठरवायला मेडिकल बोर्ड. सत्तरच्या दशकात एका युनियनच्या कचेरीत मी फॉर्म भरून द्यायचं काम करायचो. टेबलावर पितळी पेपरवेट, शाईचा पॅड, आणि समोर बाकड्यावर हाताला पांढरी पट्टी गुंडाळलेली माणसं. अपघात कुठल्या खात्यात, कुठल्या पाळीत, त्या वेळी साच्यावर दुसरं कोण होतं. माणसं तपशील असा सांगायची की खातं डोळ्यांपुढे उभं राहायचं : चालू साच्यातली रुई काढताना बोट ओढलं गेलं, पट्टा निसटला, शेजारचा ओरडेपर्यंत झालं ते झालं. मी तेवढंच लिहायचो : "काम करीत असताना." तेवढेच शब्द महत्त्वाचे होते.

या योजनेने दिलं तसं काढूनही घेतलं. ई.एस.आय.चा लाभ मिळू शकणाऱ्या कामगाराला मालकावर त्याच दुखापतीसाठी वेगळा दावा करता येत नाही. कायद्याने ते दार बंद केलं. पैसे खात्रीचे, पण ठरल्यापेक्षा जास्त नाहीत. बाकड्यावरच्या कोणाला याचं दुःख झालेलं मी पाहिलं नाही. दावा म्हणजे वकील, वकील म्हणजे तारखा, एवढं त्यांना समजत होतं.

त्या कचेरीत ज्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वाद व्हायचे तो वेगळाच होता. काम सुरू कुठे होतं? फाटकात कार्ड पंच केलं तेव्हा, की खोलीच्या उंबऱ्यातून बाहेर पडलं तेव्हा? पहिल्या पाळीसाठी अंधारात निघालेल्या माणसाला करी रोडच्या पुलाखाली लॉरीने उडवलं, तर तो कामावर होता का?

कोर्टाचं नेहमीचं उत्तर होतं : नाही. पण बेस्टचा एक खटला आम्हाला आधार होता. जुलै १९५७ मध्ये बेस्टचा एक ड्रायव्हर जोगेश्वरी डेपोत काम संपवून सांताक्रूझला घरी जायला बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये बसला. अंधेरीजवळ घोडबंदर रोडवर ती बस वेड्यावाकड्या उभ्या केलेल्या लॉरीवर आदळली, तो रस्त्यावर फेकला गेला आणि काही दिवसांत वारला. बेस्टचं म्हणणं, ड्युटी संपली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६३ मध्ये विधवेच्या बाजूने निकाल लागला. ड्रायव्हरांना बसमधून फुकट जाऊ देणं ही बेस्टची मेहेरबानी नव्हती, तिच्या सेवेचीच ती गरज होती. म्हणून त्या बसमध्ये असेपर्यंत तो कामाच्या ओघातच होता. आम्ही या निकालाची टंकलेखित प्रत जपून ठेवली होती, पण तिचा उपयोग मर्यादित. गिरणी कामगाराला गिरणीची बस कुठे होती? तो चालत जायचा.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दार लावलं. केरळातला एक कामगार सायकलवरून पाळीला निघालेला, कारखाना किलोमीटरभरावर, पाळी सुरू व्हायला पंधरा मिनिटं. न्यायालय म्हणालं, ही कामावरची दुखापत नव्हे. मग संसदेनेच २०१० साली ई.एस.आय. कायद्यात कलम घातलं : घर ते काम आणि काम ते घर या प्रवासातला अपघात, वेळ-जागा आणि नोकरी यांचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरायचा. तोवर गिरण्या उरल्या नव्हत्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने अडीच लाख माणसं रस्त्यावर आणली, आणि पुढे भोंगेच थांबले. ज्या कलमासाठी आम्ही वाद घातले ते आलं तेव्हा ते वापरायला गिरणगावात कोणी नव्हतं.

ते वापरलं गेलं मराठवाड्यात, आणि तेही वळणावळणाने. साखर कारखान्यावरचा एक रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटरसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत दिले. ई.एस.आय.मधलं ते कलम मुळातल्याच अर्थाचा खुलासा करणारं आहे, म्हणून ते मागच्या घटनेलाही आणि १९२३ च्या कायद्यालाही लागू, असा न्यायालयाचा विचार. बातमी वाचली तेव्हा करी रोडच्या पुलाखालची कितीतरी प्रकरणं आठवली. निकाल योग्यच आहे; पण बावीस वर्षं ही काय वेळ झाली?

कोष्टकही बदललं. उजव्या-डाव्याचा भेद गेला. अंगठ्याचे ३०, तर्जनीचे १४, मधल्या बोटाचे १२, अनामिका किंवा करंगळीचे ७. हिशेबासाठी महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरण्याचा नियम २०२० मध्ये आला. त्या हिशेबाने तीस वर्षांच्या माणसाची करंगळी १ लाख ३१ हजारांवर जाते. टक्क्यांमागची दृष्टी बदलली, ते मला जास्त मोठं वाटतं. ओडिशातल्या एका थिएटरच्या सजावटीचं काम करताना पडून एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. कोष्टक सांगतं अमुक टक्के. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये विचारलं, एका हाताने सुतारकाम कसं करायचं? शंभर टक्के.

कामाबाहेर, रस्त्यावर होणाऱ्या अपघाताचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते आता घरोघरी माहीत आहे. पूर्वी गाडीवाल्याची चूक दाखवता आली नाही तर हात हलवत परत. चूक कोणाची हे न विचारता काहीतरी द्यायचं, हे १९८२ मध्ये आलं : मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५००. आता तेच ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. पोलिसांचा अपघात अहवालच मोटार अपघात न्यायाधिकरण अर्ज म्हणून चालवू शकतं. दाव्याच्या मुदतीचं मात्र गंमतशीर झालं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सहा महिने होते, १९९४ मध्ये मुदतच काढून टाकली, आणि एप्रिल २०२२ पासून सहा महिने परत आले. त्याला आव्हान दिलेलं आहे, पण शहाण्याने सहा महिनेच धरून चालावं. गावाकडच्या बाईला दहावा-तेरावा, कर्ज, शेताची पेरणी यांतून सहा महिने कसे जातात ते कळतही नाही.

लोकलबद्दल मात्र दोन शब्द जास्त. दारात लटकणं हे आमच्या पिढीचं शौर्य होतं आणि आमच्या आयांचा घोर. रेल्वेच्या जुन्या कायद्यात गाड्यांची टक्कर झाली, डबा घसरला, तरच भरपाई. गर्दीतून हात सुटून माणूस पडला तर तो त्याच्या कर्माने पडला. १९९४ मध्ये गाडीतून अपघाताने पडणंही भरपाईच्या कक्षेत आलं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दारात उभं राहणं निष्काळजीपणाचं असेल, पण तेवढ्यावरून भरपाई नाकारता येणार नाही. २०१७ पासून मृत्यूची रक्कम ८ लाख आहे. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणात, एका वर्षात. रूळ ओलांडताना गेलेल्याला यात जागा नाही, आणि मुंबईत असे किती जातात ते कोणत्याही स्टेशनवरच्या हमालाला विचारावं.

डॉक्टरवर दावा ही तर तेव्हा अचाट कल्पना होती. डॉक्टर म्हणजे देव, आणि देवावर फिर्याद कोण करणार? पण गुहागरजवळच्या पालशेतच्या किनाऱ्यावर १९५३ साली मांडीचं हाड मोडलेल्या एका तरुणाला पुण्याला नेलं, तो उपचारात गेला, आणि त्याच्या वडिलांनी कोर्टाची पायरी चढली. ते स्वतः डॉक्टर होते, म्हणून त्यांना प्रश्न विचारता आले असावेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल कायम केला. रक्कम ३,००० रुपये. भांडण पैशाचं नव्हतंच. १९९५ मध्ये पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आली आणि ही वाट सामान्य माणसालाही मोकळी झाली. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, फार खर्च न करता.

आता लोअर परळला गेलो की जुन्या गिरणीच्या जागेतल्या मॉलबाहेर स्कूटरवर बसलेली मुलं दिसतात. पाठीवर चौकोनी पिशव्या, हातात मोबाईल. त्यांनाही पाळी आहे, दंड आहे, वर कोणीतरी मुकादम आहे; फक्त तो दिसत नाही. माझ्या इमारतीतला असाच एक मुलगा मनगटाला प्लास्टर घालून आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही युनियनमध्ये होता ना? कोणावर दावा करू?"

मी त्याला माझी जुनीच विचारपूस सुरू केली. कोणी धडकलं का? धडकलं असेल तर गाडीच्या विम्यावर, मोटार अपघात न्यायाधिकरणात. खड्ड्यात पडलास का? मग तेही सोपं झालंय : मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्याने झालेल्या मृत्यूला ६ लाख आणि जखमेला ५० हजार ते अडीच लाख ठरवून दिले, समित्या नेमायला लावल्या. आमच्या वेळी खड्ड्यावर दावा म्हटलं असतं तर चाळ हसली असती. पण वेळेत पोचायच्या घाईत ओल्या रस्त्यावर आपोआप घसरलास, तर? तर ज्याच्यासाठी तू पळत होतास त्याच्यावर. आणि इथे माझी गाडी अडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या मुलांचं नाव आहे, त्यांच्यासाठी कंपन्यांनी निधीत पैसे भरायचेत, योजना व्हायच्यात. घर ते काम या प्रवासाचं कलमही संहितेत आहे. पण ते आहे नोकरी करणाऱ्याला, आणि याची कंपनी म्हणते हा आमचा नोकरच नाही. लोखंड्यांच्या अर्जातला माणूस निदान कोणाचा नोकर आहे एवढं तरी सांगू शकत होता.

सुदैवाने, म्हणजे त्या दिवसापुरतं सुदैवाने, त्याला एका टेम्पोने मागून ढकललं होतं. टेम्पोचा नंबर त्याने मोबाईलमध्ये टिपला होता, हॉस्पिटलचे कागदही होते. पोलिसांकडे मात्र तो गेलाच नव्हता. अर्थात "काम बुडेल" म्हणून. महिना उलटून गेला होता. शनिवारी सकाळी त्याची पाळी नसते, तेव्हा दोघं मिळून पोलिस ठाण्यात जायचं ठरवलं, आणि तोवर त्या दिवशीची त्याची ऑर्डरची यादी मोबाईलमधून पुसू नकोस, एवढं त्याला तीनदा बजावलं.